कवटीचे वय विचारणारे यंत्र

गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतणीने एक कवटी द्राक्षांच्या क्रेटमध्ये नीट बसवली, क्रेट माझ्या गाडीत ठेवले आणि म्हणाली, "काका, खड्डे चुकवा हं." खड्डे चुकवणे हे वाहनचालकाचे कर्तव्य नव्हे, ते बुजवणे हे दुसऱ्या कुणाचे तरी आहे, आणि त्याविषयीची माझी पत्रे अद्याप अनुत्तरित आहेत. त्या दिवशी मात्र मी निमूटपणे चुकवले.

कवटी ट्रायासिक काळातल्या, म्हणजे डायनासोर नुकते कुठे अवतरत होते तेव्हाच्या, एका सरपटणाऱ्या प्राण्याची होती. तोंड पोपटासारखे बाकदार, आहार पाल्याचा. आपल्याच गोदावरीच्या पार खालच्या खोऱ्यात ती सापडली होती, आणि एका संग्रहालयाने ती पुतणीला अभ्यासापुरती दिली होती. दगड तिच्यात इतका मुरलेला की आतली मेंदूची पोकळी शाबूत आहे की चेपली, हे फोडल्याशिवाय कळणे नाही. आणि फोडायला संग्रहालयाची मनाई, जी योग्यच होती. पुतणीचा सगळा प्रबंध त्या पोकळीवर उभा होता, आणि कवटी परत करण्याची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. म्हणून तिच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी, सकाळी रुग्ण येण्याआधी, आपले सीटी स्कॅनचे यंत्र वापरू देण्याचे कबूल केले होते.

यंत्र चालवणारा गृहस्थ दिंडोरीकडचा. त्याने विचारले, "ताई, पेशंट कुठंय?"

"हा काय, क्रेटमध्ये."

"बरं. पण नाव-वय टाकल्याबिगर मशीन पुढं जात नाय."

"वय बावीस कोटी वर्षं."

"तीनच आकडे बसतात." तो हसला. "तुमचंच नाव टाकतो. वय एकतीस, स्त्री."

माझा संताप अनावर झाला. "ही खोटी नोंद आहे! उद्या हिचे खरोखर डोके दुखले, तर हिच्या नावावर चोच असलेली कवटी निघेल. याला जबाबदार कोण?"

आवाज ऐकून डॉक्टर आले. शांतपणे म्हणाले, "काका, कायद्यानेच जायचं तर हे यंत्र माणसांसाठी आहे. मग राहू द्या."

पुतणीचा चेहरा उतरला. "काका, तुम्ही गाडीत जाऊन बसा बरं," ती दातओठ खात म्हणाली.

मी गेलो नाही. भिंतीवर लावलेला प्रत्येक कागद वाचणे ही माझी जुनी सवय आहे, आणि तिथे यंत्राच्या वापराचे नियम लावलेले होते. मी ते दोनदा वाचले. मग डॉक्टरांना विचारले, "रोज पहिल्या रुग्णाआधी यंत्र तपासायला तुम्ही प्लास्टिकचा ठोकळा आत घालता. त्याला वय विचारता?"

"छे. चाचणीची नोंद वेगळी असते."

"ठोकळा प्लास्टिकचाच हवा आणि दिवसातून एकदाच घालावा, असे इथे कुठेही म्हटलेले नाही."

डॉक्टरांनी तो कागद स्वतः वाचला आणि मोठ्याने हसले. "काका, तुमच्याशी भांडण नको रे बाबा." यंत्रवाल्याने चाचणीच्या रकान्यात लिहिले: वस्तू, दगड. ही नोंद अक्षरशः खरी होती.

पहिली चित्रे निव्वळ पांढऱ्या रेघोट्यांची आली. पुतणी नखे खाऊ लागली. यंत्रवाल्याने क्ष-किरणांचा जोर वाढवला आणि पुन्हा घेतले. आता पडद्यावर चोच आली, मग दातांच्या रांगा, आणि शेवटी कवटीचा मागचा भाग. डावी बाजू चेपलेली होती. पार चुरा.

"थांबा, थोडं पुढे घ्या," पुतणी म्हणाली. "अजून. बस्स!"

उजवीकडे एक छोटी काळी पोकळी अखंड होती, आणि तिच्या बाजूला तीन नाजूक कमानी. आतल्या कानाच्या. तो प्राणी मान कशी धरून चालायचा हे त्यांवरून सांगता येते, असे ती मला समजावू लागली. पण ते अर्धवट सोडून ती पुन्हा पडद्याकडे वळली आणि कमानी मोजू लागली.

एवढ्यात दारावर थाप पडली. "अहो, आमचा नंबर कधी लागणार? वेळ उलटून गेली!" बाहेरच्या रुग्णाचे म्हणणे कायद्याने शंभर टक्के बरोबर होते. मी उठलो, दाराला पाठ लावून उभा राहिलो आणि पुतणीला म्हणालो, "तू बघ सावकाश."