सोमवारी मागितलेलं पत्र

मी सुरतेच्या एका मोठ्या रुग्णालयात मेडिसिन शिकवते. एमबीबीएस झालेली मुलं तीन वर्षं निवासी डॉक्टर म्हणून येतात आणि एमडी होऊन जातात. पहिल्या आठवड्यात मी त्यांना एकच गोष्ट शिकवते. राउंडला खिशात कागद हवा. खाटेचा नंबर, आज काय करायचं, कोण करणार, किती वाजेपर्यंत. झालं की रेघ मारायची. "लिहिलं नाही म्हणजे होणार नाही," हे माझं वाक्य पोरं माझ्या माघारी माझ्याच आवाजात म्हणतात. माझी स्वतःची यादी डायरीत असते आणि ती वॉर्डच्या टेबलावर उघडीच पडलेली असते. कुणीही वाचावी.

अमरावती सोडून इथे आले त्याला वीस वर्षं होऊन गेली. लग्न केलं नाही. विभागात गुजराती चालते, पेशंटांशी हिंदी. माझी गुजराती आता बरी आहे. विनोद कळतात, करता येत नाहीत.

म्हणून तिसऱ्या वर्षाची ती मुलगी माझ्यासाठी वेगळी होती. वडील सुरतेजवळच्या सचिन गावी कापडाच्या कारखान्यात, आई घरी साड्यांना लेस लावणारी. मूळ गाव धुळ्याकडचं. खानदेशातला म्हातारा कामगार भरती झाला की ती खाटेवर टेकून अहिराणीत विचारायची, "बाबा, कोठे दुखस?" आणि मला तासभर न सांगितलेलं तो तिला दोन मिनिटांत सांगायचा. ओपीडी संपली की आम्ही बाजूच्या खोलीत डबा खायचो. ती कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणायची, वर माझी भाजी नावं ठेवत खायची. "मॅडम, तुम्ही मीठसुद्धा मोजून घालता का?" दिवसभरातलं माझं मराठी बोलणं तेवढंच. शनिवार-रविवार तेही नाही.

सोमवारी डबा उघडता उघडता ती म्हणाली, "मॅडम, पुण्याला संधिवाताची फेलोशिप आहे. तुमचं शिफारसपत्र लागेल. शुक्रवारी पाचपर्यंत."

कारण मला ठाऊक होतं. तिच्या आईची बोटं सकाळी वळत नसत. कितीतरी वर्षं कुणी ना कुणी वेदनाशामक देत राहिलं. शेवटी आमच्याच ओपीडीत आजार कळला, तोवर दोन बोटं वाकडी झाली होती.

"बघते," मी म्हटलं. मग जोडून म्हटलं, "आपल्याकडेही एक जागा रिकामी होतेय. सीनियर रेसिडेंटची."

"हो, ऐकलं," ती म्हणाली आणि लोणच्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

मी पत्र लिहिलं नाही. मंगळवारी औषधांची मागणी पाठवली. बुधवारी पहिल्या वर्षाच्या मुलांना ईसीजी शिकवला. गुरुवारी खिडकीची तुटलेली कडी बदलून घेतली. ती कडी दिवाळीपासून तुटलेली होती. पत्राचं रोज आठवत होतं. संध्याकाळी घरी कुलूप उघडताना तर हमखास.

शुक्रवारी दुपारी तिने डबा आणला नाही. हातात माझी डायरी होती.

"मॅडम, पाच दिवसांच्या याद्या वाचल्या. खिडकीची कडी आहे. माझं पत्र नाही."

"राहून गेलं गं."

"तुमचं? राहून?" ती हसली, पण नीट नाही. "लिहिलं नाही म्हणजे होणार नाही. हे तुम्हीच आमच्याकडून घोकून घेतलंय. तुम्हाला द्यायचं नसेल तर सांगा. मी कमी पडते का कुठे?"

तीन वर्षं रात्रंदिवस राबलेली पोरगी स्वतःत उणीव शोधत होती. मला स्वतःची लाज वाटली.

"कमी नाही पडत," मी म्हटलं. "जाऊ नकोस असं म्हणायचं होतं."

ती म्हणाली, "मग म्हणायचं ना."

"म्हटलं असतं तर राहिली असतीस."

तिने नाही म्हटलं नाही. डायरी टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसली.

"परत येशील?" मी विचारलं.

"खरं सांगू की बरं वाटेल ते?"

"खरं."

"माहीत नाही, मॅडम."

मी कॉम्प्युटर सुरू केला. अडीच वाजले होते. पत्राला वीस मिनिटं लागली, कारण मजकूर सोमवारपासून डोक्यात तयारच होता. तपासणी चोख. चूक झाली तर स्वतःहून सांगते. पेशंट तिच्याशी बोलतात. तेवढ्यात वॉर्डातून तिला फोन आला, एकाचा श्वास वाढला होता. "जाऊ?" तिने विचारलं. "जा की," मी म्हटलं. ती पळाली.

पत्राखाली पुण्याच्या फॉर्ममधला एक ठरावीक प्रश्न होता: या डॉक्टरला तुम्ही स्वतःच्या विभागात घ्याल का? हो किंवा नाही. कारण लिहायला एक चौकोन. मी 'हो'वर खूण केली. चौकोनात बरंच काही लिहिलं, मग वाचून पाहिलं. त्यात तिच्याबद्दल थोडं आणि माझ्याबद्दलच जास्त होतं. सगळं खोडलं. चौकोन रिकामा ठेवला तर चालतं का ते पाहिलं. चालत होतं. तसंच पाठवून दिलं.