रडक्या सिनेमाचा शेवट

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचं प्रत्येक सिनेमाबद्दल ठाम मत असायचं. दहा जणांना लोळवूनही नायकाचा भांग विस्कटत नाही, म्हणून मारामारीच्या सिनेमांवर ते वैतागायचे. भुताचा सिनेमा भूत दिसेपर्यंतच चांगला, असं गिऱ्हाइकांना ऐकवायचे. जुने कृष्णधवल सिनेमे मात्र त्यांना जीव की प्राण होते, कारण त्यात माणसं एकमेकांचं बोलणं पुरतं ऐकून घेतात.

रडके सिनेमे त्यांना मुळीच खपायचे नाहीत आणि काकूंना नेमके तेच आवडायचे. मध्यंतर झालं की काका बाहेर बाकावर जाऊन बसायचे. काकू डोळे पुसत आल्या की विचारायचे, "ओसरला का पूर?"

मागच्या वर्षी काकू आजारी पडल्या. इस्पितळात एका दुपारी त्यांनी विचारलं, "अहो, त्या दोन बहिणींच्या सिनेमात शेवटी धाकटी परत येते का? मला काही केल्या आठवत नाहीये."

"येते की," काका म्हणाले.

"थापा मारू नका," काकू क्षीण हसल्या. "तुम्ही बाहेर होतात."

चार दिवसांनी त्या गेल्या.

पुढे काकांनी तो सिनेमा शोधून काढला आणि घरी एकट्यानेच संपूर्ण पाहिला. धाकटी परत येत नाही.

"कसा होता, बाबा?" लेकीने फोनवर विचारलं.

"टुकार. सगळी नुसती रडारड," काका म्हणाले. "पण मी तिच्याशेजारी बसायला हवं होतं गं."