तुरीच्या डब्यातला चष्मा

आमच्या घरात कोण किती शिकलं, हे चष्म्याच्या काचेवरून कळतं. थोरल्या बहिणीनं चौथीत शाळा सोडली. तिला पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावर बसलेला होला पक्षीही दिसतो. भावानं बारावी केली, त्याचा नंबर एक. मी एम.ए. करून वाशीमच्या अभ्यासिकेत दोन वर्षं काढली, माझा सहा. नातेवाइकांच्या लेखी हा गुन्हाच. "शिकू शिकू डोये घालवले पोरीनं," असं तोंडावर म्हणायचे.

म्हणून मला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी आईनं माझा चष्मा काढून तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवला. "ते जाईस्तोवर लावू नको वं," म्हणाली. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले, तर समोर चार पांढुरके ठिपके बसलेले. त्यातला नवरा मुलगा कोणता, देव जाणे.

मुलाच्या मामांना संशय होताच. "एवढी शिकली, डोये बिगडले असतीन," म्हणत त्यांनी खिशातलं गोळ्यांचं पाकीट मला दिलं. "वाच बरं मागचं." मी लाजल्यासारखी मान खाली घातली, पाकीट नाकाशी धरलं आणि बारीक अक्षरं घडाघडा वाचली. जवळचं मला कधीच अडत नाही, अडतं ते लांबचं. हे मामांच्या गावीही नव्हतं.

"डोये तं एक नंबर हायेत!" मामा खूश झाले. आईचा जीव भांड्यात पडला.

मला मात्र संताप आला. पोरगी पास झाली, पण पोरीला मुलगा दिसला का, हे कोणी विचारलंच नाही. मी उठले, आत जाऊन डाळीत हात घातला, चष्मा ओढणीनं पुसून लावला आणि परत येऊन बसले.

"मले बी पाहू द्या," म्हणाले.

मुलगा बँकेत नोकरीला होता, चांगला शिकलेला. नाकाच्या दोन्ही बाजूंना लालसर खळगे. तसेच मी रोज आरशात माझ्या नाकावर बघते.

"तुमचा चष्मा कुठं हाय?" मी त्याला विचारलं.

मामा खाकरले. मुलाचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. मी वाट पाहिली, अगदी मनापासून. त्यानं मामांकडे पाहिलं आणि हात परत मांडीवर ठेवला.

माझा चष्मा पाहूनही संध्याकाळी त्यांचा होकार आला. मी नाही म्हटलं. बाबा चिडले, "काहून? त्यानं तुले पसंत केलं ना!"

"त्यानं मले पाह्यलंच नाही, बाबा. त्याचा चष्मा खिशातच होता."

त्या दिवसापासून मी चष्मा फक्त झोपताना काढते.