एका हाताचं हत्यार

परंड्याला जाताना मी पिशवीत बाभळीचा एक ठोकळा घेतला होता. वीतभर लांब, मनगटाएवढा जाड. मालकांच्या सुतारकामाच्या पेटीजवळ असे तुकडे पुष्कळ पडलेले असतात. घरात सांगितलं, गोळ्या आणायला जाते. गोळ्या आणायच्याच होत्या, म्हणून ते अगदी खोटं नव्हतं.

मालकांना लकवा मारला त्याला तेव्हा सात महिने झाले होते. पाय सावरला, बोलणं सावरलं. डावा हात तेवढा राहिला. तो खांद्यापासून नुसता लोंबतो, चिमटा काढला तरी त्यांना कळत नाही. उजवा हात पहिल्यासारखा आहे. पण उजव्यानं हातोडी मारायची तर खिळा डाव्यानंच धरावा लागतो.

उन्हाळ्यात एकदा मी म्हटलं, "खिळा म्या धरते. तुमी मारा." गल्लीतल्या एका घरचा बसायचा पाट निखळून आला होता. मी पाटाजवळ बसले, चिमटीत खिळा धरला. पहिले दोन घाव बरोबर बसले. तिसऱ्याला त्यांचा तोल डावीकडं गेला आणि हातोडी माझ्या बोटावर आली. मी ओरडले नाही. ओरडायचं सुचलंच नाही. नख काळं पडलं, गळालं, नवं आलं, पण त्या बोटाच्या टोकाला अजून गरम-गार नीट कळत नाही. मालकांनी हातोडी कोनाड्यात ठेवली, पाट तसाच परत पाठवला आणि म्हणाले, "आता म्या खिळा ठोकणार न्हाय."

त्यानंतर ते दिवसभर खाटेवर बसून रस्त्याकडं बघत. मी स्वयंपाक करायचे, धुणं धुवायचे, त्यांना आंघोळ घालायचे. रडू येत नव्हतं, हसूही येत नव्हतं. कुणी विचारलं कसं आहे, तर म्हणायचे बरं आहे.

आमच्या घरात खंडेनवमीला हत्यारं पूजतात. सासऱ्यांपासूनची एक शिस्त आहे. जे हत्यार पुढं वर्षभर हातात घेणार तेच पाटावर मांडायचं. जे हाताला लागणार नाही ते भावकीतल्या दुसऱ्या सुताराला देऊन टाकायचं, घरात गंजत ठेवायचं नाही. सासऱ्यांची नजर गेली तेव्हा त्यांनी अशीच आपली पेटी मालकांना दिली होती. दिली त्या दिवसापासून ते ओसरीच्या खाली उतरले नाहीत. जेवण आणून दिलं तर जेवायचे, नाही दिलं तर मागायचे नाहीत. पुढच्या खंडेनवमीला ते नव्हते.

पोळा झाल्यावर मालकांनी धाकट्या दिरांना फोन लावला. दीर ढोकीला फर्निचरचं काम करतात. फोनवर एवढंच बोलले, "दसऱ्याला ये. पेटी घिऊन जा." मी भाकरी थापत होते. थापत राहिले. पण ओसरीवर बसलेले सासरे माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

मग मला ती गन आठवली. मालक धाराशिवच्या दवाखान्यात भरती होते तेव्हा शेजारच्या खोलीत एक माणूस भिंतीला फळ्या लावत होता. एका हातानं मोबाइल कानाला धरलेला, दुसऱ्या हातात गन. बायकोशी भांडत भांडत फट फट खिळे मारत होता. तेव्हा मी नुसती बघत होते. त्यातलं काही डोक्यात गेलंय हे मला नंतर कळलं.

परंड्याच्या हार्डवेअरच्या दुकानासमोर मी बराच वेळ पायरीवरच उभी राहिले. मला परक्या माणसाशी पटकन बोलता येत नाही. दोन गिऱ्हाइकं माझ्या पुढून आत जाऊन माल घेऊन गेली. शेवटी दुकानदारानंच विचारलं.

"काय पाहिजे मावशी? कडी-कोयंडा?"

"खिळे मारायची गन."

"कुणाला मारताव?" तो हसला. तार घ्यायला आलेले एक फेटेवाले आजोबाही हसले. "मावशी, मालकांना पाठवा. बघून घ्यायची चीज असती ती."

"म्याच बघणार हाय," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की त्यानं "काय?" म्हणून पुन्हा विचारलं.

आजोबा म्हणाले, "अरे दाव की तिला. बघून का झिजणार हाय तुझी गन?"

त्यानं तीन खोकी काढली. खोक्यांवर सगळं इंग्रजी. मला आकडे तेवढे वाचता आले. पहिली गन घरच्या लाइटीवर चालणारी, दुसरी बॅटरीची, तिसरी हवेची. हवेच्या गनला नळी होती आणि ती दुकानातल्या एका लाल टाकीला जोडलेली होती.

मी पिशवीतून ठोकळा काढून काउंटरवर ठेवला. "ह्यात मारून दावा."

"बाभळ व्हय! मावशी, तुमी तर परीक्षाच घ्यायला आलाव."

लाइटीच्या गननं खिळा मारला तो निम्मा आत, निम्मा वर उभा. दुसरा मारला तो वाकला. "लिंबाच्या लाकडात जातो बरं का," तो म्हणाला. पण आमच्याकडं दारं, उंबरे, जुन्या खाटा सगळं बाभळीचंच दुरुस्तीला येतं. ती गन मी बाजूला सारली.

बॅटरीच्या गननं खिळा पार आत घातला. ना वायर, ना टाकी. दुकानदार म्हणाला हीच घ्या, डोक्याला ताप नाही. मी डावा हात पदराखाली घेतला आणि उजव्यानं गन उचलली. मनगट खाली गेलं. ठोकळ्यावर धरली तर नाक सरळ राहीना, एका बाजूला कलायला लागली.

"दुसरा हात लावा की मावशी."

"न्हाय. एकाच हातानं."

"हात दुखतोय व्हय?"

"माझा न्हाय."

त्यानं बॅटरीची गन बाजूला ठेवून हवेची पुढं केली. आजोबाही तारेचं वेटोळं घेऊन जायचे ते थांबले.

हवेची गन हलकी होती, भाकरीच्या तव्याएवढी. मी ती ठोकळ्यावर टेकवली आणि घोडा दाबला. फट्ट. मी दचकले नाही. खिळा बुडाला होता. बारीक, बिनमुंडीचा खिळा, नुसता ठिपका दिसत होता. धरायला दुसरा हात लागलाच नाही. खिळे पट्टीनं आत भरलेले असतात, आपोआप पुढं येतात.

तेवढ्यात माझ्या मनात एक आलं. "हात खाली आला तर?"

"कुणाचा?"

"ज्यानं गन धरली त्याचाच. दुसरा."

"मावशी, आपला हात आपण कशाला खाली ठिऊ? कळत न्हाय का माणसाला?"

"त्यास्नी कळत न्हाय," मी म्हटलं. "त्यो हात कुठं पडलाय ते त्यास्नी बघावं लागतं."

दुकानदारानं ती गन खोक्यात परत ठेवली आणि फळीवरून दुसरी काढली. तशीच हवेची, पण नाकाला एक लोखंडी जीभ. त्यानं तिला नळी जोडली, हवेत धरून घोडा दाबला, काही झालं नाही. ठोकळ्यावर दाबून धरली, मगच खिळा सुटला. "ही घ्या. लाकडावर दाबल्याबिगर ही उडत न्हाय. पण मावशी, हातावर दाबली तर उडतीच. ते तुमालाच बघावं लागंल."

मी तीच घेतली. टाकी घेतली नाही. टाकी आमच्या शेजारी होती.

आमच्या घराला लागून पंक्चरचं दुकान आहे. ते चालवणारे चाचा मालकांच्या बरोबरीचे. मी त्यांच्याशी वीस वर्षांत वीस वाक्यं बोलले नसेन. त्या दिवशी गन पदराखाली धरून त्यांच्या दुकानापुढं उभी राहिले आणि हवा मागितली.

त्यांनी गन उलटीसुलटी करून बघितली. "भाभी, खिळ्यांवर तर माझं पोट हाय. रस्त्यात खिळे हायेत म्हणून टायर फुटतंय, टायर फुटतंय म्हणून चूल पेटती. घ्या, काय पाहिजे तेवढी हवा घ्या." मग हळू आवाजात विचारलं, "त्यांला माहीत हाय?"

"न्हाय."

"मंग म्या काय बोलत न्हाय."

त्यांनी भिंतीतल्या जुन्या भोकातून नळी आमच्या ओसरीवर काढून दिली. मी एका जुन्या लुगड्याची झोळी शिवली, डावा हात गळ्यात अडकवून ठेवायला. झोळी आणि गन दोन्ही खाटेजवळ ठेवलं.

मालकांनी विचारलं, "हे कुणाला?"

"घराला. दाराची पट्टी सुटलीय."

त्यांनी तोंड रस्त्याकडं केलं. चार दिवस गन तिथंच पडून राहिली. तिसऱ्या दिवशी अंथरूण झटकताना उशीखाली खोक्यातलं चित्रांचं पुस्तक सापडलं. मी ते होतं तसं परत ठेवलं.

खंडेनवमीच्या सकाळी मी पेटी अंगणात काढली. हत्यारं धुवायचं काम लग्न झाल्यापासून माझं. मांडायचं काम मालकांचं. त्या दिवशी ते म्हणाले, "धू. म्हंजे त्याला देताना घाण नको." मी घमेल्यात पाणी घेतलं आणि करवत, रंधा, पटाशा, गुण्या, पक्कड एकेक करून राखेनं घासून काढलं. हात चालत होते. मी कशाचाच विचार करत नव्हते. एक हत्यार घासून झालं की पुढचं घ्यायचं. धुतलेल्याला हळदीकुंकू लावून उन्हात ठेवायचं.

मालक खाटेवरून ओरडले. "अगं ए! ते धुतलंस व्हय?"

मी हाताकडं बघितलं. पेटीबरोबर खाटेजवळची गनही अंगणात आली होती आणि आता ती घमेल्यातून निघाली होती. नाकातून पाण्याची धार लागली होती आणि नाकाच्या भोकावर मी पाच बोटांनी ओलं कुंकू भरून ठेवलं होतं.

इतक्या मोठ्यानं ते सात महिन्यांत बोलले नव्हते. उठले, पाय ओढत अंगणात आले, माझ्यासमोर खाली बसले. खाली बसायला त्यांना रोज माझा हात लागतो. त्या दिवशी लागला नाही.

"हवेचं हत्यार कुणी पाण्यात घालतं का? आत स्प्रिंग असती, रबर असतंय. कुंकू गेलंय का आत? दाव. पान्ना आण, खोक्यात वाकडा पान्ना हाय."

पान्ना खोक्यात कुठल्या कप्प्यात आहे ते त्यांना ठाऊक होतं. मी आणून दिला. त्यांनी उजव्या हातानं स्क्रूला लावला, पण गन फिरायला लागली. त्यांनी ती मांडीत दाबली, तरी फिरली. थोडा वेळ ते नुसते तिच्याकडं बघत बसले. मला वाटलं, आता उठून जातील.

मग म्हणाले, "धर."

मी धरली. तेच बोट वर आलं, नवं नख असलेलं. त्यांनी ते बघितलं. मीही हात बदलला नाही. पान्ना एकेका आट्यानं हळूहळू फिरवत त्यांनी चार स्क्रू काढले. आतून लाल पाणी आलं. त्यांनी काडीला चिंधी गुंडाळून कुंकू पुसून घेतलं, एकेक भाग मला देत गेले, मी उन्हात कापडावर ओळीनं मांडत गेले. "सरकवू नगंस. हाय त्या ओळीत ठिव." शिलाई मशीनचं तेल मागितलं. तेल देऊन सगळं परत जोडलं.

भिंतीपलीकडून चाचांनी विचारलं, "हवा सोडू का?"

"सोड. पण बेतानं," मालक म्हणाले.

पहिल्यांदा नुसतं फस्स करून तेलपाणी उडालं, माझ्या तोंडावर आलं. दुसऱ्यांदाही काही नाही. मी झोळी आणून त्यांच्या गळ्यात अडकवली, डावा हात तिच्यात ठेवला. त्यांनी मान तेवढी खाली केली. तिसऱ्यांदा त्यांनी गन त्या बाभळीच्या ठोकळ्यावर दाबली. फट्ट. परंड्यातल्या खिळ्यांशेजारी आणखी एक ठिपका.

"भाभीनं मुद्दाम धुतली," चाचा पलीकडून म्हणाले.

"तिला कुठलं एवढं डोकं," मालक म्हणाले.

मी मुद्दाम धुतली नव्हती. पण आता मालकही चाचांसारखंच सांगतात आणि मी ते खोडत नाही.

मग पाट मांडला. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्यार हलवायचं नसतं, म्हणून काय ठेवायचं ते आधीच ठरवावं लागतं. मालकांनी बराच वेळ लावला. गन मांडली. गुण्या, पक्कड, वाकडा पान्ना, छोटी पटाशी मांडली. रंधा हातात घेतला, अंगठ्यानं पात्याची धार बघितली आणि पेटीत ठेवला. करवतही पेटीत. दोन हातांचं ते सगळं पेटीत गेलं.

दसऱ्याला दीर आले आणि पेटी घेऊन गेले. ती पहिल्यापेक्षा हलकी होती. त्यांनी गनकडं बघितलं, मालकांकडं बघितलं, म्हणाले, "दादा, मलाबी अशीच घ्यायचीय." मालक म्हणाले, "वहिनीला इचार. तिला कळतंय त्यातलं." मी पाणी आणायला आत गेले.

हातोडी त्यांनी पूजेलाही मांडली नाही आणि पेटीतही घातली नाही. ती अजून कोनाड्यात आहे. मी तिथं झाडते तेव्हा उचलते आणि परत ठेवते.

दसऱ्यानंतर पहिलं काम म्हणून त्यांनी आमच्या दाराची सुटलेली पट्टी लावली. पट्टी मी धरली. खिळे सहा लागले. झाल्यावर म्हणाले, "बघ, कुठं वर आलाय का." मी पट्टीवरून बोट फिरवलं. काही लागलं नाही. पण ते बोट हातोडी लागलेलं होतं, त्याचा काय भरवसा. म्हणून दुसऱ्या हाताच्या बोटानं पुन्हा वरपासून खालपर्यंत चाचपलं.

"न्हाय," मी म्हटलं. "सगळे आत हायेत."