फाळक्याचं कुलूप आणि बहिणीचं रुखवत

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. फौजेतून सुटून आल्यावर मी लिलावातली जुनी पिकअप घेतली आणि पहिल्याच महिन्यात औंधाच्या यात्रेत तिच्या हौद्याचा मागचा फाळका चोरीला गेला, तोही भरदुपारी. यमाईचं दर्शन घेऊन खाली आलो, तर हौदा सताड उघडा. गावानं माझी लय टर उडवली. "गड्यानं सरहद्द राखली, फाळका न्हाई राखला," असं पारावरचे म्हातारे मला ऐकू जाईल असं बोलायचे.

मीही इरेला पेटलो. लोहाराकडून छातीएवढा नवा फाळका करून घेतला, हौदा वरून जाळीनं बंद केला आणि फाळक्याच्या वरच्या कडीला हे एवढं कुलूप घातलं. आता कोण हात लावतो बघू, म्हणत मी येताजाता ते हलवून बघायचो.

मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, आटपाडीला, मुलाच्या दारात. तिनं आठ महिने खपून रुखवत केलं होतं. ते हौद्यात रचून मी कुलूप लावलं. आईनं किल्ली घेऊन देवकापाशी ठेवली. "देवाजवळ ऱ्हाऊ दे जरा, मग चोर फिरकायचा न्हाई." देवक बसलं की त्याला कुणी हात लावत नाही. निघायच्या गडबडीत किल्ली तिथंच राहिली.

हे कळलं आटपाडीत, अक्षतांना तासभर उरला असताना. रुखवत मांडल्याशिवाय पोरगी उभी राहिली, तर सासरी जन्माचं ऐकून घेणं आलं. मी दगडानं कुलूप ठेचलं, पहारीनं कडी उचकटून बघितली, पण माझं कुलूप मलाच दाद देईना.

तेवढ्यात पिवळ्या साडीतली बहीणच आली आणि खाली वाकून बघायला लागली.

"दादा, औंधात चोरानं काय केलं आसंल रं?"

"काय करणार? फाळका उचलून नेला."

"मग तू पण उचल की. कुलूप वर हाय, बिजागऱ्या खाली हायत."

तिनं पक्कड मागितली आणि बिजागरीतली सळई स्वतःच उपसली. दुसरी मी ओढली. फाळका खालून सुटून आमच्या हातात आला, वर कुलूप जसंच्या तसं. भर मांडवापुढं माझी अक्कल निघाली होती, तरी आनंदानं मला नाचावंसं वाटत होतं.

रुखवत वेळेत मांडलं. सासूबाई बघायला आल्या आणि त्यांची नजर आधी सुनेच्या हातांवर गेली. हळदीच्या हातांना कोपरापर्यंत काळं वंगण.

"ह्ये काय गं?"

"गाडी उघडत न्हवती, आत्याबाई. मी उघडली."

सासूबाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि स्वतःच्या नव्या लुगड्याच्या पदरानं एकेक बोट पुसायला लागल्या. मी फाळक्याआड जाऊन पोटभर रडून घेतलं.