लाईनीत दोष नव्हता

सातपूरच्या आमच्या केबल नेटवर्कमध्ये जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. म्हणजे एकदा सांगितलं, ज्याला सांगायला हवं होतं त्यालाच. पण ते सांगणं कसलं होतं, तेही लिहितो. मी मुळात कमी बोलणारा. गप्प बसण्याचा मला आयुष्यात फायदाच झाला आहे.

नव्वदच्या दशकात मी तिथे लागलो तेव्हा कंट्रोल रूम म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली होती. बाहेर डिशच्या छत्र्या, आत रॅकमध्ये प्रत्येक चॅनेलला एक मॉड्युलेटर. यंत्रं माझ्याकडे, लाईन मामांकडे. मामा इगतपुरीकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. नात्याने ते तिथे कुणाचेच मामा नव्हते, पण शेठपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. कामगार वसाहतींच्या गच्च्यांवरून गेलेली एकूण एक वायर त्यांच्या हातची. कनेक्टर बसवण्याआधी वायरची आतली तांब्याची तार ते ओठांवरून फिरवून बघत. सोलताना ओरखडा पडला असेल तर बोटाला कळत नाही, ओठाला कळतो, असं त्यांचं म्हणणं.

नवी लाईन सुरू केली की मामा त्या लाईनच्या शेवटच्या घरात जाऊन बसत. पडद्यावर मुंग्या नाहीत, आवाजात घरघर नाही, एवढं बघून मगच उठत. मला म्हणायचे, "पहिल्या घरात चित्र कुणीबी दाखवंल रे. शेवटच्या घरची बाई काय म्हणती ते इचार."

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी शेठने डिजिटल करायचं ठरवलं. मला आठ दिवस शिकायला पाठवलं. परत आलो तो जरा ताठच झालो होतो, हे कबूल करतो. आता एका फ्रिक्वेन्सीवर एकच चॅनेल नव्हता. मल्टिप्लेक्सर अनेक चॅनेलांचा डेटा एका प्रवाहात गुंफायचा आणि मॉड्युलेटर तो प्रवाह एका फ्रिक्वेन्सीवर चढवायचा. मॉड्युलेटरच्या सेटिंगमध्ये एक रकाना होता: चौसष्ट की दोनशे छप्पन. दोनशे छप्पन निवडलं की त्याच जागेत जास्त चॅनेल बसतात. मात्र सिग्नल नाजूक होतो, वाटेत थोडा गोंगाट मिसळला तरी फुटतो. आमच्या लाईनवर सिग्नलचा जोर वाढवणारे बरेच अ‍ॅम्प्लिफायर एकामागे एक होते आणि प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर आपला थोडा गोंगाट मिसळतोच. तो यंत्राचा स्वभाव आहे, लाईन ओढणाऱ्याचा दोष नाही. शिकवणाऱ्या इंजिनिअरने मला बजावून सांगितलं होतं, जुन्या लांब लाईनवर चौसष्टच ठेवा.

शेठ म्हणाला, "पलीकडच्या नेटवर्कपेक्षा आपले चॅनेल जास्त दिसले पाहिजेत. जमेल ना?"

"जमेल की," मी म्हणालो.

आणि दोनशे छप्पन निवडलं. शेठच्या ऑफिसमधला टीव्ही कंट्रोल रूमच्या अगदी खाली, पहिल्याच जोडणीवर. चित्र असं लख्ख आलं की शेठने पेढे वाटले. चॅनेलांचा आकडा छापलेले बॅनर दुसऱ्या दिवशी चौकाचौकात लागले. मामा टीव्हीपुढे हात मागे बांधून उभे होते. "लय झ्याक," ते म्हणाले. "तू मोठा झाला गड्या."

आठवड्याभरात तक्रारी सुरू झाल्या. सगळ्या लांबच्या वसाहतींमधून. चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, ऐन मालिकेत सगळं थिजतं. एक बाई तर ऑफिसात येऊन मामांना सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो मामा, मालिकेतल्या सासूच्या तोंडाच्या फरश्या झाल्या! जुनं काय वाईट होतं? मुंग्या होत्या, पण माणसं अख्खी होती." सगळे हसले. मामाही हसले, पण कान लाल झाले होते.

मला त्याच दिवशी कळलं होतं. कळायला डोकं लागत नव्हतं. चौसष्टवर यायचं तर प्रत्येक फ्रिक्वेन्सीवरचे तीन-चार चॅनेल काढावे लागणार आणि शेठपुढे उभं राहून 'माझं चुकलं' म्हणावं लागणार. बॅनर लागलेले. मी म्हटलं, बघू दोन दिवस.

मामांनी लाईन तपासायला घेतली. त्यांच्याकडचा मीटर जुना, सिग्नलचा जोर दाखवणारा. जोर सगळीकडे बरोबर. मग चित्र का फुटतं? सिग्नलची शुद्धता किती उरली ते दाखवणारा नवा मीटर ऑफिसात एकच होता, माझ्या टेबलावर. तो घेऊन एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गेले असते तर दर अ‍ॅम्प्लिफायरला थोडी थोडी घट त्यांना दिसली असती. ते अडाणी नव्हते, त्यावरून माझ्यापर्यंत पोचायला त्यांना दुपारही लागली नसती. त्यांनी मीटर मागितला.

"तो इथे लागतो मामा," मी म्हणालो.

"बरं," म्हणाले. पुन्हा मागितला नाही.

मग ते एकेक कनेक्टर उघडत सुटले. इतक्या वर्षांच्या लाईनमध्ये गंजलेलं काहीतरी सापडतंच. सापडलं की ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, जिना चढून मला दाखवायला आणत.

"ह्यो बघ. हिरवा पडलाय. हाच आसंल."

"असेल मामा."

"आता येईल बघ चित्र."

"येईल बहुतेक."

येणार नव्हतं. दोन-तीन दिवसांनी ते दुसरा कनेक्टर घेऊन येत. महिनाभर हे चाललं. पहिल्या पहिल्यांदा ते 'हा कंपनीनंच रद्दी माल दिला' म्हणायचे. पुढे म्हणू लागले, 'हा माझ्या हातनं नीट आवळला गेला नाय.' त्यांना चष्मा लागला होता. एक दिवस खुर्चीत बसून स्वतःची बोटं उघडत-मिटत बसले होते. मी स्क्रीनकडे बघत राहिलो. स्क्रीनवर तो रकाना उघडाच होता. आकडा बदलायला मिनिटही लागलं नसतं.

शेवटी शेठने दोघांना समोर बसवलं. "मला एका शब्दात सांगा. मशीन का लाईन?"

प्रश्न दोघांना होता, पण बघत तो माझ्याकडे होता. मामाही माझ्याकडेच बघत होते, आणि त्या बघण्यात संशय नव्हता. डॉक्टर काय सांगतो याची वाट बघावी तसं.

मी म्हणालो, "लाईन."

"मंग बरोबर हाय," मामा म्हणाले. "ह्यो मशीनचं शिकून आलाय. माझंच काहीतरी ऱ्हातंय."

लाईनचं काम अंबडच्या एका ठेकेदाराला गेलं. मामांना शेठने बसून राहायचं काम देऊ केलं होतं, फोन घ्यायचं. त्यांनी ते नाकारलं. ठेकेदाराची माणसं आल्यावर चार दिवसांनी, भर दुपारी सगळे जेवायला गेले असताना, मी चॅनेल काढून टाकले आणि प्रत्येक मॉड्युलेटर चौसष्टवर आणला. शेठला सांगितलं, ते चॅनेल वरूनच बंद झालेत. कुणी विचारलंही नाही, ते कुणी बघतच नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वसाहतींमध्ये चित्र स्वच्छ होतं. ठेकेदाराचं नाव झालं. लोक म्हणाले, मामांचं वय झालं होतं.

दीड वर्षाने मी त्यांना गाठलं. अंबडला एका कारखान्याच्या गेटवर ते वॉचमन होते. गणवेश खांद्यांत उतरला होता. त्यांनी मला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण पायरीवर बसले. मी सगळं सांगितलं. चौसष्ट, दोनशे छप्पन, मीटर, दुपार, काहीही लपवलं नाही.

ते हसले. "मला बरं वाटावं म्हणून आलास व्हय?"

"शपथेवर सांगतो मामा."

"आरं, मी सोताच्या हातानं काढल्यात हिरवे पडलेले कनेक्टर. ते काय खोटे व्हते?"

"ते खरे होते. पण चित्र त्यांच्यामुळे जात नव्हतं. त्या मशीनमध्ये आकडा चुकीचा होता. मी टाकलेला."

बराच वेळ ते गेटच्या साखळीशी चाळा करत राहिले. "घरातला बल्बसुद्धा मी बदलत नाय आता," म्हणाले. "तुझी मामी शेजारच्याला हाक मारती. मला धाडस व्हत नाय." मग एकदम वर बघितलं. त्या नजरेत पूर्वीचे मामा होते. "खरं सांगतोस ना? मग दाखव. त्यो आकडा परत घाल. मला मीटर दे अन् वसाहतीत उभा कर. चित्र फुटू दे, मग दुरुस्त कर. डोळ्यांनी बघितलं की मला पटंल."

एका फ्रिक्वेन्सीवर दोन मिनिटं केलं असतं तरी पुरलं असतं. चार फोन आले असते, एवढंच. पण शेठला कळलं तर? मामा तिथून निघाले की गल्लीगल्लीत सांगत सुटले तर? मी तेव्हा कंट्रोल रूमचा इन-चार्ज झालो होतो.

"आत्ता नाही जमायचं मामा," मी म्हणालो. "लाईव्ह चालू असतं ना सगळं. बघू एखाद्या रविवारी."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर राग नव्हता. लहान मुलाची थाप पकडल्यावर घरातला मोठा माणूस बघतो तसं बघितलं. "नाय ना," ते म्हणाले. "म्हंजी लाईनच व्हती."

आतून ट्रक हॉर्न देत होता. ते उठून गेट उघडायला गेले.

त्यानंतर बरेच रविवार आले. माझ्याकडे मीटर होता, किल्ली होती, मोटरसायकल होती. मी गेलो नाही. मामा दोन वर्षांनी गावी वारले. मला उशिरा समजलं. मामींना भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी आला व्हता ते सांगत व्हते. म्हणायचे, पोरगा चांगला हाय, माझ्यापायी खोटं बोलाया आला व्हता."

मी चहा घेतला आणि निघालो.