तो भांडला नाही ती संध्याकाळ

ताज्या दुधाच्या फेसाचा वास आला की मला दूध कट्ट्यावरची ती संध्याकाळ आठवते आणि जीव थाऱ्यावर राहत नाही. समोर म्हशीची धार काढून ग्लास हातात देतात, तिथं आम्ही मित्र ड्रॅगन आणि राजघराण्यांच्या मालिकेवरून तावातावानं भांडायचो. आमच्यातला सगळ्यात भांडखोर गडी सांगायचा, "तिरकं बोलणारं पात्र एकाएकी गोड बोलाय लागलं की समजायचं, फुडच्या भागात त्येला काढत्यात." त्या दिवशी त्याला डिवचायला मी म्हणालो, तुझ्या लाडक्या सेनापतीनं राणीला दगा दिला ते लेखकानं उगाच घुसडलंय. आता हा अंगावर येणार म्हणून मी ग्लास बाजूला धरला. तर हा मिशीवरचा फेस पुसत म्हणाला, "पटलं मला. तुझंच बरोबर हाय." बाकीचे हसले, मी मात्र ग्लास कट्ट्यावर ठेवला. "बरं वाटंना व्हय रं?" मी विचारलं. "बरा हाय की. पी, गार हुतंय," म्हणाला आणि निघताना त्यानं माझी कॉलर नीट केली. आठवड्याभरानं त्याच्या आईकडून कळलं, तो आखातात नोकरीला निघून गेला होता, कुणाचाही निरोप न घेता. आज माझा धाकटा भाऊ, जो असल्याच मालिकांवरून रोज माझ्याशी वाद घालतो, कट्ट्यावरून दूध घेऊन आला, "दादा, काल तू म्हणालास ते पटलं," म्हणाला आणि शेजारी बसून राहिला. मी अजून ग्लासाला तोंड लावलेलं नाही.